गोग्रासातील बुरशी आणि दुधाचा पेला

आपल्यापैकी अनेकांच्या घरी आजही तव्यावरची पहिली पोळी गाईसाठी बाजूला ठेवली जाते. ज्यांच्या दारात गाय नाही, ते वृद्ध गृहस्थ सकाळी फिरावयास जाताना पिशवीतून तो घास घेऊन जातात. ही आपली जुनी आणि सुंदर रीत आहे. परंतु या रीतीत हळूहळू एक खोट शिरली आहे. जे ताजे ते गाईला, असे न राहता, जे आपल्या खाण्याजोगे उरले नाही ते गाईला, असे होऊ लागले आहे. बुरशी धरलेला पाव, डब्याच्या तळाशी राहिलेले खवट शेंगदाणे, पावसात भिजून काळा पडलेला मका, गाठी झालेली पेंड यांविषयी ‘टाकून कशाला द्यायचे, गाय पचवते सगळे,’ असे सहज म्हटले जाते.

गाय खरोखर सगळे पचवते का? हा प्रश्न मला माझ्या एका रुग्णाच्या पतीने विचारला. त्याचे उत्तर देताना माझीच एक चूक माझ्या ध्यानी आली.

गुरुजींचा प्रश्न

हे गृहस्थ निवृत्त शिक्षक. आम्ही सारे त्यांना गुरुजी म्हणतो. वय अठ्ठ्याहत्तर. गावाबाहेरच्या मळ्यात ते आणि काकू दोघेच राहतात, मुलगा शहरात नोकरीस आहे. काकूंना जुनी ‘हिपॅटायटिस बी’ची लागण असून त्यातून यकृताला घट्टपणा आलेला, म्हणजे सिऱ्होसिसची सुरुवात झालेली. अशा रुग्णांचे स्नायू झडतात, म्हणून प्रथिने पुरेशी मिळावीत यासाठी मी त्यांना रोज दोन वेळा दूध घ्यावयास सांगितले होते. गोठ्यात एक संकरित गाय होतीच. दर खेपेस मी विचारत असे, मीठ कमी आहे ना, गोळ्या वेळेवर घेता ना, कोणाच्या सांगण्यावरून एखादे चूर्ण वा काढा तर सुरू नाही ना. त्यांच्या आहाराची मी इतकी चौकशी केली, पण त्यांच्या गाईच्या आहाराची एकदाही केली नाही.

एका वर्षी पावसाळा लांबला. गाईने खाणे कमी केले, दूध एकतृतीयांशाने घटले. पशुवैद्य आले. त्यांनी गाय तपासली आणि मग पेंडीच्या पोत्यात हात घातला. आत ओलसर गाठी, हिरवट-करडी भुकटी आणि कुबट वास. त्यांनी विचारले, “गुरुजी, या गाईचे दूध कोण पिते?” गुरुजी म्हणाले, “घरातच. डॉक्टरांनीच सांगितले आहे.”

दुसऱ्या दिवशी गुरुजी माझ्याकडे आले. “डॉक्टर, जे आम्ही तोंडात घातले नसते, ते मी तिला घातले. तिने ते पचवले की आम्हालाच परत दिले?”

प्रश्न सरळ होता, उत्तर तितके सरळ नाही. गाईच्या पोटात काही विषे खरोखर निकामी होतात, काही तशीच पुढे जातात आणि एक विष रूप बदलून दुधात उतरते.

बुरशी दिसते, विष दिसत नाही

बुरशी आणि तिचे विष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बुरशी ही सजीव आहे. ओलावा आणि ऊब मिळाली की ती धान्यावर, पेंडीवर वाढते आणि वाढताना काही रसायने तयार करते. त्यांतील काही प्राण्यांना आणि माणसांना घातक असतात. पोते उन्हात घातले की बुरशी मरते, वरची भुकटी झटकली की दिसेनाशी होते, परंतु धान्यात मुरलेले विष तिथेच राहते. म्हणून ‘ऊन दाखवले, आता चालेल’ हा समज खरा नाही.

या विषांपैकी आपल्या उष्ण हवेत सर्वांत महत्त्वाचे म्हणजे अफ्लाटॉक्सिन. ‘अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस’ या बुरशीच्या नावावरून हे नाव पडले. त्याचा शोध माणसाच्या नव्हे, पक्ष्यांच्या आजारातून लागला. १९६० साली इंग्लंडमध्ये टर्की पक्ष्यांची एक लाखाहून अधिक पिल्ले मेली. रोगजंतू सापडेना, म्हणून या आजाराला ‘टर्की एक्स’ असे नाव देण्यात आले. अखेर माग लागला तो ब्राझीलहून आणलेल्या भुईमुगाच्या पेंडीपर्यंत. अतिनील प्रकाशात या विषाचे काही प्रकार निळे चमकतात, त्यांना ‘बी’ म्हणतात. काही हिरवे चमकतात, त्यांना ‘जी’. सर्वांत घातक तो ‘बी-१’.

हे केवळ परदेशातील प्रकरण नव्हे. १९७४ साली अवकाळी पावसाने भिजलेला मका खाल्ल्यामुळे गुजरात-राजस्थानच्या सीमेवरील आदिवासी खेड्यांत कावीळ आणि जलोदराची साथ आली. नोंदल्या गेलेल्या ३९७ रुग्णांपैकी १०६ जण दगावले. त्याच घरांतील कुत्रीही तशाच आजाराने मेली, कारण त्यांच्या पुढ्यातही त्याच मक्याचे अन्न होते.

चार कप्प्यांच्या पोटात काय होते?

गाय-म्हैस रवंथ करणारे प्राणी. त्यांचे पहिले मोठे पोट, ज्याला कोटीपोट म्हणतात, ही एक प्रचंड आंबवण-टाकीच आहे. तेथे असंख्य सूक्ष्म जीव चारा फोडत असतात आणि चाऱ्याबरोबर आलेल्या काही विषांचीही वासलात लावतात. ‘ऑक्राटॉक्सिन’ हे मूत्रपिंडाला घातक असलेले विष कोटीपोटात बव्हंशी फोडले जाऊन सौम्य होते. गव्हा-मक्यावरील ‘डिऑक्सिनिव्हॅलेनॉल’ नावाचे विषही तेथे बऱ्याच अंशी निकामी होते. डुकराला वा कोंबडीला असे कोटीपोट नाही. म्हणून तेच ऑक्राटॉक्सिन डुकराच्या रक्तात शिरते, रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून दीर्घकाळ फिरत राहते आणि मूत्रपिंडे नासवते. ‘गाय पचवते’ या समजुतीत सत्याचा अंश आहे तो एवढाच.

ही शक्तीही अमर्याद नाही. चारा कमी आणि भरडा-पेंड फार, असा आहार झाला तर कोटीपोटातील आम्लता वाढते, उपयुक्त सूक्ष्म जीव घटतात आणि विष फोडण्याचे काम मंदावते. वासराचे कोटीपोट तर पुरते तयारही झालेले नसते. त्यामुळे ते मोठ्या गाईपेक्षा लवकर बळी पडते.

अफ्लाटॉक्सिन बी-१ मात्र या पहिल्या चौकीवर फारसे अडत नाही. त्याचा मोठा भाग कोटीपोट ओलांडून लहान आतड्यात पोहोचतो. त्याचा रेणू लहान आणि स्निग्धात विरघळणारा, त्यामुळे आतड्याच्या अस्तरातून तो सहज झिरपतो. तेथून यकृताकडे जाणाऱ्या शिरेतून तो थेट यकृतात येतो. माणसाच्या शरीरातही त्याचा मार्ग हाच आहे.

यकृताची दुधारी करामत

यकृत म्हणजे शरीराचे शुद्धीकरण केंद्र, असे आपण मुलांना सांगतो. ते खरे असले तरी अपुरे आहे. बाहेरून आलेले रसायन शरीराबाहेर टाकण्यासाठी यकृत त्याचे रूप बदलते, आणि बदललेले रूप कधी मूळ रसायनापेक्षा अधिक घातक ठरते. अफ्लाटॉक्सिनचे तसेच होते. यकृतातील विकरे त्याच्यावर प्राणवायूचा संस्कार करतात. त्यातून जे पदार्थ तयार होतात, त्यांतील एक अत्यंत क्रियाशील असतो. तो पेशीच्या केंद्रातील डीएनएला चिकटतो आणि तेथे बिघाड घडवतो. कर्करोगाची ठिणगी पडते ती येथे.

यकृताकडे यावर उपायही असतो. ‘ग्लुटाथायोन’ नावाचे एक द्रव्य विकराच्या साहाय्याने या क्रियाशील पदार्थाला जखडते आणि पित्तातून वा मूत्रातून बाहेर काढते. कोणत्या प्राण्यात हे जखडण्याचे काम किती वेगाने होते, यावर त्याचे भवितव्य ठरते. उंदराच्या यकृतात ही सोय भरपूर असल्याने तो बराच तगतो. टर्कीच्या यकृतात घातक रूप झपाट्याने तयार होते आणि जखडणारे विकर जवळजवळ काम करीत नाही. म्हणूनच इंग्लंडमधील ती पिल्ले पटापट मेली. मेंढी तुलनेने सोशीक, बदकाचे पिल्लू फार नाजूक आणि गाय या दोहोंच्या मध्ये कुठेतरी येते. तिची भूक मंदावते, दूध घटते, रोगप्रतिकारशक्ती खालावते. पण ती लगेच कोसळत नाही. घरच्यांच्या दृष्टीने हेच अडचणीचे आहे, कारण वरवर धडधाकट दिसणाऱ्या गाईचे दूध आपण निःशंकपणे पितो.

दुधात उतरते ते ‘एम-१’

यकृतात रूप बदलताना तयार होणारा आणखी एक पदार्थ म्हणजे अफ्लाटॉक्सिन एम-१. तो प्रथम दुधात सापडला, म्हणून दुधाच्या इंग्रजी नावाचे आद्याक्षर त्याला मिळाले. बी-१ पेक्षा तो पाण्यात अधिक विरघळतो. त्यामुळे रक्तातून तो मूत्रात जातो, तसाच कासेतही जातो. दूषित खाद्य पोटात गेल्यावर साधारण १२ ते २४ तासांत तो दुधात दिसू लागतो. खाद्य बदलले की तीन-चार दिवसांत तो दुधातून जवळजवळ नाहीसा होतो. म्हणजे आजच्या गव्हाणीचा हिशेब उद्याच्या दुधात लागतो, आणि सुधारणाही तितकीच लवकर दिसते.

प्रमाण किती असते? सर्वसाधारण गाईने खाल्लेल्या बी-१ पैकी सुमारे एक ते दोन टक्के भाग दुधात एम-१ होऊन उतरतो. फार दूध देणाऱ्या गाईत तो सहा टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. एक हिशेब करून पाहू. भारतीय मानकाप्रमाणे गाईच्या तयार पशुखाद्यात एका किलोमागे बी-१ हा २० मायक्रोग्रॅमहून अधिक नसावा. गाय असे पाच किलो खाद्य खाते असे धरले, तर पोटात १०० मायक्रोग्रॅम गेले. त्याच्या दोन टक्के म्हणजे दोन मायक्रोग्रॅम दुधात आले. दूध दहा लिटर असेल तर प्रत्येक लिटरमागे ०.२ मायक्रोग्रॅम. आपल्याकडे दुधासाठी ठरवलेली मर्यादा किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे हे दूध मर्यादेत बसते. परंतु बुरशीमुळे त्याच खाद्यातील विष पाचपट, म्हणजे किलोमागे १०० मायक्रोग्रॅम झाले, तर दुधात लिटरमागे एक मायक्रोग्रॅम येईल, मर्यादेच्या दुप्पट. युरोपातील मर्यादा तर ०.०५, आपल्या एकदशांश आहे.

अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ साली देशभर दुधाचे ६,४३२ नमुने तपासले. त्यांपैकी ३६८ नमुन्यांत, म्हणजे शंभरांत सुमारे सहा नमुन्यांत, एम-१ मर्यादेहून अधिक आढळला. कच्च्या दुधाबरोबर प्रक्रिया केलेल्या दुधातही तो होता. दुधातल्या पाण्याची आणि भेसळीची आपण इतकी चर्चा करतो, त्या चर्चेत हा पाहुणा सहसा नसतो.

उकळले तर?

हा प्रश्न प्रत्येक गृहिणी विचारते. उत्तर निराशाजनक आहे. उकळल्याने वा पाश्चरीकरणाने रोगजंतू मरतात, म्हणून ते केलेच पाहिजे. परंतु एम-१ उष्णतेला फारसा दाद देत नाही. विरजण लावल्यानेही त्यातून सुटका होईल अशी खात्री धरता येत नाही. हा पदार्थ दुधातील केसिन या प्रथिनाला चिकटतो. त्यामुळे पनीर वा चीज केल्यास वजनाच्या मानाने त्याचे प्रमाण वाढते. लोणी आणि तूप हे स्निग्धाचे भाग असल्याने त्यांत तो फार थोडा उतरतो. अंडी आणि मांसातही या विषाचा अंश दुधाच्या तुलनेने पुष्कळ कमी जातो. जातो तो मुख्यतः यकृत आणि मूत्रपिंडांत.

मग दूध सोडावे का?

मुळीच नाही, आणि हे मला ठासून सांगावयाचे आहे. आरोग्यविषयक लेख वाचून दूध बंद करणारे ज्येष्ठ माझ्याकडे येत असतात. उतारवयात प्रथिने आणि कॅल्शियम कमी पडल्यामुळे होणारी हानी निश्चित आणि जवळची आहे. पडणे, हाड मोडणे, अंथरुणाला खिळणे हे आपण डोळ्यांनी पाहतो. दुधातील एम-१चा धोका अल्प प्रमाणाचा आणि दीर्घ मुदतीचा असून तो बी-१ पेक्षा सौम्य आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अफ्लाटॉक्सिनांना मानवी कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात ठेवले आहे, हे खरे. परंतु आपल्या पोटात अफ्लाटॉक्सिन जाण्याचा मोठा मार्ग दूध नसून खराब शेंगदाणे, मका आणि अयोग्य रीतीने साठवलेले धान्य हा आहे.

दोन प्रकारच्या माणसांनी मात्र विशेष जपावे. पहिली म्हणजे ‘हिपॅटायटिस बी’ असलेली माणसे. या विषाणूची जुनी लागण आणि अफ्लाटॉक्सिन एकत्र आले, की यकृताच्या कर्करोगाचा संभव कित्येक पटींनी वाढतो. लागण नसलेल्या माणसाच्या तुलनेत हे विष अशांना सुमारे तीसपट अधिक घातक ठरू शकते. दुसरी म्हणजे लहान मुले. त्यांचा मुख्य आहारच दूध, आणि वजनाच्या मानाने ती आपल्यापेक्षा पुष्कळ अधिक दूध पितात. नातवंडे सांभाळणाऱ्या आजी-आजोबांनी हे ध्यानी ठेवावे.

काकूंचा आजार गाईच्या दुधामुळे झाला, असे मी म्हणणार नाही. त्याचे कारण विषाणू हेच आहे. पण ज्या यकृतावर आधीच भार आहे, त्याच्यावर आणखी एक भार रोज दोन पेल्यांनी ठेवला जात होता, आणि तो ठेवण्याचा सल्ला माझा होता. दूध सांगितले हे बरोबरच होते. ते दूध कोठून येते हे विचारावयाचे राहिले.

घरी आणि गोठ्यात काय करावे?

* बुरशी धरलेले अन्न गाईला, कोंबडीला वा कुत्र्याला घालू नये. ते खोल खड्ड्यात पुरावे. उकिरड्यावर टाकल्यास तेच जनावर पुन्हा खाते.

* पेंडीचे पोते जमिनीवर वा भिंतीला टेकवून ठेवू नये. खाली लाकडी फळ्या घालाव्यात, भिंतीपासून हातभर अंतर असावे. पावसाळ्यात महिन्याचा साठा न करता आठवड्याला लागेल तेवढेच आणावे.

* मका चांगला वाळवूनच साठवावा. धान्यात चौदा टक्क्यांहून अधिक ओल राहिली की बुरशीला आमंत्रण मिळते. शेंगदाण्याला याहूनही कोरडेपणा लागतो.

* गव्हाणीच्या कोपऱ्यांत साचलेला जुना ओलसर चारा रोज काढावा. मुरघासाचा काळा-पांढरा पडलेला थर गाईपुढे टाकू नये.

* पेंडीत शंका आल्यास ती त्याच दिवशी बंद करावी आणि पशुवैद्यांचा सल्ला घ्यावा. विष आतड्यात शोषले जाण्याआधी धरून ठेवणारी बेंटोनाइटसारखी माती खाद्यात मिसळता येते. मात्र मात्रा पशुवैद्यांनी ठरवावी, आणि हा उपाय म्हणजे खराब खाद्य वापरण्याचा परवाना नव्हे.

* खाद्य बदलल्यानंतर चार दिवसांपर्यंतचे दूध निदान लहान मुलांना आणि यकृताच्या रुग्णांना देऊ नये.

* बुरशी आलेले पोते हलवताना नाकातोंडाला फडके बांधावे. दमा असलेल्या ज्येष्ठांनी ते काम स्वतः करूच नये. बुरशीची धूळ फुफ्फुसाला झोंबते.

* शेंगदाणे निवडताना सुरकुतलेले, डागाळलेले, काळपट वा कडू दाणे काढून टाकावेत. विष बहुधा थोड्याच दाण्यांत एकवटलेले असते, त्यामुळे नुसत्या निवडण्याने मोठा फरक पडतो. भाजल्याने ते पूर्ण जात नाही. घाण्याचे तेल काढून घेणाऱ्यांनी दाणे निवडूनच द्यावेत. तेल काढल्यावर विषाचा मोठा भाग पेंडीत राहतो, आणि ती पेंड कोणाच्या तरी गोठ्यात जाते.

* ‘हिपॅटायटिस बी’ची तपासणी एकदा करून घ्यावी. घरात एकाला लागण असल्यास इतरांनी तपासणी करून लस घ्यावी. सिऱ्होसिस असलेल्यांनी दर सहा महिन्यांनी यकृताची सोनोग्राफी चुकवू नये.

गुरुजींना दिलेले उत्तर

गुरुजींनी ती पेंड खड्ड्यात पुरली. गाईला स्वच्छ कडबा आणि ताजी पेंड सुरू झाली, पशुवैद्यांनी औषध दिले. चार दिवस काकूंनी शेजारच्या गोठ्यातील दूध घेतले. अर्थात, आधी गुरुजी स्वतः जाऊन तिथली पेंड पाहून आले. काही आठवड्यांत गाय पूर्ववत खाऊ लागली. काकूंची औषधे आणि तपासण्या चालूच आहेत, प्रकृती स्थिर आहे.

मी गुरुजींना म्हटले, “गाईने जमेल तेवढे पचवले, जे जमले नाही त्यातील काही मूत्रातून टाकले, आणि थोडेसे आपल्याला परत दिले.” त्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “आता पोळी आधी मी मोडून पाहतो. आम्हाला चालेल तीच तिला.”

तेव्हापासून मीही माझ्या प्रश्नांच्या यादीत एक प्रश्न वाढवला आहे. घरचे दूध पिणाऱ्या प्रत्येक रुग्णाला मी विचारतो, “गाय काय खाते?” वाचकहो, आपणही हा प्रश्न आपल्या गवळ्याला विचारावा. शक्य असेल तर एकदा त्याच्या गोठ्यापर्यंत फिरून यावे आणि पोत्यात हात घालून पाहावे. कुबट वास ओळखण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. यकृताचा आजार असलेल्यांनी आहारात कोणताही बदल करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी अवश्य बोलावे.